उसनी जीभ

मी हॉटेलात आयुष्यभर स्टेक केले आणि तिथे एकही खाल्ला नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे मी मीठ-मिरीच्या बाता मारायला लागलो की वाचणारा म्हणेल, गडी काय चवीचा आहे. गडी चवीचा नाही, हाताचा आहे. चवीचा होता तो इनास, आणि त्याच्याबद्दल लिहायचं म्हणूनच मी या वयात पेन हातात घेतलंय.

ठाण्यात तलावपाळीच्या मागच्या गल्लीत आमचं हॉटेल होतं. आता तिथे मोबाईलची कव्हरं विकतात. दारावर लाल दिवा, आत अर्धा अंधार, टेबलावर मेणबत्ती, असलं ते हॉटेल. आमच्या वर्तकनगरातली माणसं बाहेरूनच बघून पुढे जायची. त्याच्याआधी मी स्टेशनजवळच्या एका मालवणी खानावळीत वाटणावर होतो. तिथून इथे आलो तो केवळ दुपारी सुट्टी मिळते म्हणून. मालकाने विचारलं, "हात चालतो का?" म्हटलं, चालतो. संपला इंटरव्ह्यू.

ज्यांनी स्टेक पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मांसाचा जाड तुकडा असतो. त्याला मीठ-मसाला लावायचा आणि तापलेल्या बिडाच्या तव्यावर नाहीतर जाळीवर भाजायचा. रस्सा नाही, वाटण नाही, खोबरं नाही. खानावळीत मटणात मीठ कमी-जास्त झालं तर बटाटा टाका, पाणी वाढवा, दहा उपाय. इथे लपायला जागाच नाही. तुकडा एकदा तव्यावर पडला की जे लावलंय ते लावलंय, आणि जे राहिलं ते राहिलं.

आई तेव्हा माझ्याकडेच राहायची. आम्ही संगमेश्वरकडचे. घरात मासे, कोंबडी, बोकड सगळं चालायचं, आईच्या हातचं माशाचं तिखलं खाऊनच मी मोठा झालेलो. नव्या नोकरीवर लागलो त्या आठवड्यात तिने विचारलं, "तिथं मटण कसलं असतं?"

मी म्हटलं, "मोठ्याचं." आपल्याकडे हा बरा शब्द आहे, जनावराचं नाव न घेता सगळं सांगून होतं.

मला वाटलं, आता नोकरी सोड म्हणते. आई उठली, माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "हातानं कर. हात धुतला की झाला. पण जिभेला लावू नकोस. माझी शप्पथ हाय तुला."

झालं. आचारी माणूस आणि चाखायचं नाही. सोनाराला सांगावं की सोन्याकडे बघू नको, तसलीच गत. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आई कुठे बघायला येतेय. मला ते जमलं नाही. ती बघत नव्हती म्हणूनच जमलं नाही.

इनास त्या हॉटेलात आधीपासून तव्यावर होता. ठाण्यातल्या जुन्या वस्तीतला ईस्ट इंडियन ख्रिश्चन, घरातही मराठीच बोलणारा, उंच, काटकुळा, रविवारी चर्चमधून थेट कामावर येणारा. माझ्याकडे तयारीचं काम: मांस कापणं, मीठ-मसाला लावणं, मुरवत ठेवणं. त्याच्याकडे आग. पहिल्याच दिवशी त्याने पाहिलं की मी लावतोय पण चाखत नाही. कारण विचारलं, मी सांगितलं. मला वाटलं, आता अख्ख्या हॉटेलात बोंब मारणार. तो एवढंच म्हणाला, "मग मी चाखतो. तू लाव. पण मी सांगेन ते ऐकायचं, शास्त्रीबुवा." माझं नाव दत्ता, पण पुढे तो मला शास्त्रीबुवाच म्हणायचा.

मी लावलेल्या प्रत्येक मालातून तो बोटाएवढा तुकडा कापायचा, तव्याच्या कोपऱ्यात भाजायचा आणि डोळे मिटून खायचा. तेवढा वेळ मी हात पुसत उभा. मग तो सांगायचा. "बोलतंय" म्हणजे बरोबर. "गप्प आहे" म्हणजे मीठ कमी. कधी म्हणायचा, "मीठ चांगलं बोलत होतं, पण मिरी मधे मधे करतेय." कधी, "लसूण अजून घरी गेलेला नाही," म्हणजे उग्र लागतोय. हे ऐकून मी हिशेब हाताने करायचो. चिमूट कुठल्या बोटाच्या कुठल्या पेरापर्यंत भरायची, ते त्याच्या बोलण्यावरून माझ्या बोटांना कळत गेलं. माझ्या बोटांची अक्कल म्हणजे त्याच्या जिभेची अक्कल आहे. ती अजून बोटात आहे, आणि कुठेच उपयोगाची नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता थोडं धंद्याचं. मांस सगळं एक नसतं. जनावराने जो भाग कमी वापरला तो मऊ, जास्त वापरला तो चिवट. सगळ्यात मऊ तो अंडरकट, कण्याच्या आतल्या बाजूचा लांबट तुकडा. त्याला मीठ, मिरी आणि तेलाचं बोट, बस्स. त्याला मसाल्यात बुडवणं म्हणजे देखण्या माणसाला पावडर फासणं. गिऱ्हाईक म्हणायचं, "भैया, स्पेशल मसाला लगाना." इनास आतून ओरडायचा, "हो हो, लावतो," आणि काही लावायचा नाही. गिऱ्हाईक खाऊन म्हणायचं, आज मसाला मस्त होता.

पाठीचा तुकडा वेगळा. त्याच्या कडेला चरबीची पट्टी असते, ती काढायची नाही. त्याला मीठ आधी लावून उघडाच फ्रिजमध्ये ठेवायचा. मीठ लावलं की मांसाला आधी पाणी सुटतं. अशा वेळी तव्यावर टाकलात तर ते भाजत नाही, उकडतं, आणि वर राखाडी रंग येतो. म्हणून मीठ लावायचं तर अगदी तव्यावर टाकताना, नाहीतर इतकं आधी की सुटलेलं पाणी मांसाने परत पिऊन घेतलं पाहिजे. मधल्या वेळेत हात लावायचा नाही. घरोघरी लोक नेमक्या मधल्या वेळेत टाकतात आणि मग खाटकाला शिव्या देतात.

पुठ्ठ्याचा, म्हणजे मागच्या मांडीवरचा तुकडा हा कष्टकरी. त्याला कांद्याचा रस, व्हिनेगर, लसूण, तेल आणि नखाएवढी कच्ची पपई. पोटाकडचा पातळ तुकडा असतो, त्याचे धागे डोळ्यांना दिसतात. तो भाजल्यावर धाग्यांच्या आडवा कापायचा, उभा कापलात तर दोरी चघळल्यासारखं होतं. आणि एक गैरसमज दूर करतो. मसाला आत जातो असं सगळे समजतात. आत जातं फक्त मीठ. लसूण, मिरी, व्हिनेगर सगळे उंबऱ्यावरच बसून राहतात. खरं मुरतं ते मीठच.

मधे कायदा बदलला. बैलाचं बंद झालं, म्हशीचं राहिलं. माल बदलला. रंग काळपट, चरबी कमी, धागा जाड. माझ्या बोटांना पाठ असलेलं सगळं माप चुकायला लागलं. त्यातच एका कंपनीच्या पार्टीची ऑर्डर आली. पुठ्ठ्याचा माल होता, मी म्हटलं चिवट आहे, पपई वाढवू. वाढवली, ती खानावळीतल्या बोकडाच्या आठवणीने, सालासकट, चिकासकट, आणि आदल्या संध्याकाळीच लावून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी तुकडा उचलायला गेलो तर बोट आरपार. इनासने भाजून चाखला. डोळे मिटून उभाच राहिला. मग म्हणाला, "शास्त्रीबुवा, याला दात लागत नाहीत. हे बाळाला भरवायचं आहे." त्या दिवशी सगळ्याचे पॅटिस केले आणि मालकाने बाहेर जाऊन सांगितलं, आज शेफचं खास. कंपनीवाल्यांनी पुढच्या वर्षी परत तेच मागितलं. आता सांगा, कुणाला काय बोलायचं.

चाखता येत नाही याची मला सवय झालेली, असं मी स्वतःला सांगायचो. ते खोटं आहे हे कळलं कोलशेतच्या पाटलांमुळे. खाडीकडची जमीन विकून मोठे झालेले गृहस्थ, गळ्यात दोन बोटं जाडीची चेन, बोलायला मोकळे. दोस्तांना घेऊन यायचे. दोस्त स्टेक खायचे, हे नुसते बसायचे. एकदा सरळ आत आले. म्हणाले, "मना नको तुमचा त्यो. बोकराचा करशील तं सांग."

म्हटलं, करतो. बोकडाच्या रानाचा, म्हणजे मांडीचा, हाडासकट आडवा गोल काप काढला. माझ्या मनात काय झालं ते मलाच ठाऊक. बोकड म्हणजे मला चालतं. पहिल्यांदाच मी लावणार आणि मीच चाखणार. मीठ लावलं, मिरी लावली, पाटलांसाठी म्हणून थोडा आगरी मसाला लावला. तुकडा भाजला, तोंडात टाकला. मला वाटलं, मिरी कमी आहे. टाकली. परत चाखला, आता मीठ कमी वाटलं. लिंबू पिळलं. मग ते आंबट झालं म्हणून तेल सोडलं. इनास तव्याशी उभा राहून बघत होता. शेवटी त्याने एक तुकडा खाल्ला आणि म्हणाला, "हे बोलत नाही रे. हे भांडतंय."

पाटलांना आवडलं, ते आवडून घ्यायलाच आलेले. पण मला ते फार लागलं. घरी जाताना मी विचार करत होतो, की स्वतःची जीभ मिळाली तर मी सगळं बिघडवून ठेवलं, आणि उसन्या जिभेवर मात्र सगळं ठाणं माझ्या हातचं खाऊन जातं. त्यानंतर पाटलांचं बोकडसुद्धा मी इनासलाच चाखायला दिलं. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एक गोष्ट बसली ती बसलीच. एकदा, फक्त एकदा, मला तो तुकडा खाऊन बघायचा होता. अंडरकटचा, मीठ-मिरीचा, इनासने डोळे मिटून "बोलतंय" म्हटलेला. तो काय बोलतो ते मला ऐकायचं होतं.

आपल्याकडे शपथ घातली की ती ज्याने घातली त्यानेच सोडवायची असते. लहानपणी आपण म्हणतो ना, "सुटली म्हण." आई म्हातारी झाली, अंथरुणाला लागली. एका दुपारी तिला भात भरवताना मी म्हटलं, "आई, ती शपथ सुटली म्हण की आता."

"कसली शपथ?"

"हॉटेलातली. जिभेची."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला आठवेना. मग हसून म्हणाली, "तू जेवलास का?"

मी जेवलो म्हणून सांगितलं. उभं आयुष्य ज्या शब्दाने माझं तोंड बांधून ठेवलेलं, तो तिच्या लेखी कुठेच उरला नव्हता. तिला समजावून सांगून सोडवून घेता आली असती. पण ज्याची तिला आठवणच नाही ते तिच्या तोंडी घालणं मला बरं वाटलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. शपथ तशीच राहिली.

मग हॉटेल बंद पडलं. मालकाच्या मुलांना त्यात रस नव्हता, जागेला भाव आलेला. शेवटच्या दिवशी इनासने तवा घासून, तेल लावून ठेवला, उद्या कामावर यायचं असल्यासारखा. मी त्याला म्हटलं, कशाला घासतोस, भंगारात जाणार. तो म्हणाला, "भंगारवाल्याने बघितला तर त्याला वाटायला नको की इथे घाणेरडी माणसं होती."

तो मुलीकडे शहाडला राहायला गेला, मी वर्तकनगरातच. आधी फोन व्हायचे, मग सणासुदीला. रिकामपण काय असतं ते मला तेव्हा कळलं. बायको कोंबडी आणते, मी मीठ लावायला जातो, ती म्हणते, राहू दे, तुम्ही फार लावता. मी हात धुऊन बाजूला होतो. मला दुपारी चार वाजता तापलेल्या बिडाचा वास हवा असतो. मिरी भरड कुटल्यावर नाकात जाते ती हवी असते. आणि सगळ्यात जास्त म्हणजे मागून इनासचा आवाज हवा असतो, गप्प आहे रे, अजून लाव. इतकं साधं वाक्य, पण ते मला दुसरं कोण म्हणणार? मला त्याची आठवण येत होती, आणि मी फोन करत नव्हतो. पुरुषांचं असंच असतं, काम नसेल तर फोन कशाला करायचा ते आम्हाला कळत नाही.

यंदा त्याच्या मुलीचा, रिटाचा फोन आला. इनासला घशाचा कॅन्सर झालेला. रेडिएशनचे शेक देऊन झालेले, डॉक्टर म्हणत होते की गाठ गेली. पण तोंडाची चव गेलेली, परत येईल की नाही सांगता येत नव्हतं. "अंकल, डॅडी काहीच खात नाही. नुसतं दूध पितो. वजन बघाल तर घाबराल. काल म्हणाला, दत्ताने लावलेलं असेल तर खाऊन बघेन."

मी त्याच दिवशी शहाडला गेलो. दार इनासनेच उघडलं. शर्ट त्याचा वाटत नव्हता, दुसऱ्या कुणाचा तरी मोठा घातल्यासारखा. म्हणाला, "ये, शास्त्रीबुवा. उशीर केलास." आवाज घोगरा झालेला, पण बोलणं तेच.

रिटाने अंडरकट आणून ठेवलेला, चांगला होता. मी जाड काप काढले, पुसून कोरडे केले. घरात डोशाचा बिडाचा तवा होता, तो तापवला. इनास स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसला आणि माझ्या हाताकडे बघत राहिला. मीठ लावलं, मिरी लावली. भाजला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग आडवे पातळ तुकडे करून बशी त्याच्या हातात दिली.

त्याने एक तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटले. बराच वेळ चावत होता. मग डोळे उघडून म्हणाला, "काही नाही रे. ओला कागद." आणि बशी ओट्यावर ठेवली.

रिटा वळून बाहेर गेली. त्याची जीभ गेली होती. त्या जिभेवर मी जगलो होतो. तिथेच उभ्या उभ्या मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

तो म्हणाला, "रडतोस काय? सांग, कसं झालंय?"

म्हटलं, "वासावरून तर बरोबर वाटतंय."

"वासाचं सांगू नको. वास मला पण येतो. चव सांग."

"इनास, तुला माहितीय."

"माहितीय. आई गेली ना तुझी?"

"गेली. पण सोडवली नाही."

मग त्याने माझा उजवा हात धरला, अजून मीठ होतं हाताला, आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. शेक दिलेली कातडी कडक झालेली, काळी पडलेली. म्हणाला, "माझ्या गळ्याची शप्पथ आहे तुला. खा आणि सांग. चव कळल्याशिवाय मला हे एवढं सगळं गिळवत नाही."

एक शपथ जी होती ती गेलेल्या माणसाची. दुसरी ज्याची, त्याचा गळा माझ्या बोटांखाली गिळायला धडपडत होता. मी आईची मनात क्षमा मागितली आणि बशीतला तुकडा उचलून खाल्ला.

वीज वगैरे काही पडली नाही. आधी मीठ आलं, मग मांसाची गोडसर, जराशी लोखंडासारखी चव, मागून मिरी. मी इतकी वर्षं जे मनात धरलं होतं त्यापेक्षा ते पुष्कळ साधं होतं. चांगलं होतं. इनास माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता, मी त्याच्याकडे बघायचो तसाच.

"बोल ना," तो म्हणाला.

"मीठ कमी पडलंय."

"कुठे?"

"मधे. कडेला बरोबर आहे."

"मला वाटलंच. मघाशी तुझा हात आखडला." त्याच्या तोंडावर हसू आलं. "मग लाव की."

मी तुकड्यांवर चिमूटभर मीठ टाकलं. परत एक खाल्ला. म्हटलं, आता ठीक आहे. त्याने बशी मांडीवर घेतली आणि एक तुकडा तोंडात टाकला. "मिरी?" त्याने विचारलं. म्हटलं, मिरी मागून येतेय, घशाशी. त्याने मान हलवली, चावलं, गिळलं. दुसरा घेतला. "मांस?" म्हटलं, मऊ आहे, थोडं गोड. त्याने तोही गिळला. तो एक खायचा, मी एक खायचो आणि त्याला सांगायचो, असे आम्ही हळूहळू बसून खात राहिलो.

रिटा बशी न्यायला आली तेव्हा ती रिकामी होती. ती बशीकडे बघत राहिली, मग बापाकडे.

इनास तिला म्हणाला, "मीठ जरा कमी होतं आधी. मग बरोबर झालं."